मामा मोझांच्या कॅरव्हॅनला टेकू

घरी कुणी नवीन पाहुणे आले की माझा नवरा विनय ओळख करून देताना सांगतो, "ही शारजात घरं उचलायची." पाहुणे आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग दंडांकडे. मी हसून चहा टाकायला आत जाते, कारण खरं काय ते सांगायला एक कप चहा पुरत नाही. यंदा दिवाळी अंकात ऐसपैस पानं मिळाली आहेत, तर एकदाचं सांगून टाकते.

घरं म्हणजे कॅरव्हॅन. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत बिछाने, इवलासा ओटा, पडदेबिडदे सगळं. थंड मुलखात लोक ती उन्हाळ्यात फिरवतात आणि हिवाळाभर ठेवून देतात. आखातात सगळा उलटा कारभार. थंडीत वाळवंटात जाऊन तळ ठोकायचा, शेकोटीवर मांस भाजायचं, आणि ऊन तापू लागलं की कॅरव्हॅन कुठंतरी नीट ठेवून द्यायची. ते 'कुठंतरी' म्हणजे आमचं यार्ड. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरवाल्यांच्या आणि रंगाऱ्यांच्या दुकानांमागे.

मी तिथं पोचले ती २००८च्या मंदीच्या कृपेने. त्याआधी मी दुबईत एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. ड्रॉइंग आलं की नोंद करायची, साइटवर पाठवायचं, नवीन आलं की जुनं परत मागवायचं. सुंदर एसी ऑफिस, खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन. मग एका हिवाळ्यात त्या क्रेन एकेक करून थांबल्या. आमचा टॉवर अर्ध्यावर उभा राहिला आणि आम्हाला घरी पाठवलं. विनयची नोकरी राहिली, पगार कापला गेला. आमची मुलगी ईशा तेव्हा पाचवीत होती. आम्ही राहायचो अल नहदात, शारजाच्या बाजूला. गॅलरीतून दुबई दिसायची, पण विनयला तिथं पोचायला रोज इतका वेळ लागायचा की मी ठरवलं, आता नोकरी करायची ती बॉर्डरच्या अलीकडेच.

यार्डाचे मॅनेजर होते इस्माईलभाई. मूळचे श्रीवर्धनचे, तरुणपणीच आखातात आलेले, स्वतः पट्टीचे वेल्डर. मुलाखतीला गेले तर त्यांनी माझा बायोडाटा उघडलाही नाही. नाव वाचलं आणि म्हणाले, "शुभांगी? म्हंजे मराठी. बसा ताई, आधी चाय घेऊ." चहा संपेपर्यंत माझी नेमणूक झालेली होती.

काम ऑफिसचं होतं. फोन घ्या, बुकिंग करा, गिऱ्हाइकाला समजावा. पण जे आपल्यालाच कळत नाही ते दुसऱ्याला काय समजावणार? म्हणून पहिल्याच आठवड्यात मी टोपी चढवली, जाड बूट घातले आणि बाहेर उन्हात इस्माईलभाईंच्या मागे हिंडायला लागले. ईशाला ते बूट फार आवडले. "आई, यू लुक लाइक अ बॉस," असं ती म्हणाली. डॉक्युमेंट कंट्रोलर असताना तिने मला असं काही म्हटलेलं आठवत नाही.

आता कॅरव्हॅन उचलायची कशासाठी ते सांगते. ती महिनोन् महिने एका जागी चाकांवर उभी राहिली, की टायर जिथं जमिनीला टेकतो तिथं चपटा होतो. वर आखाती ऊन. रबराला भेगा पडतात, स्प्रिंगा दमतात. म्हणून चाकांवरचा भार काढून घ्यायचा. त्यासाठी जमीन सपाट हवी. चाकांना पुढून-मागून अडसर लावायचा, म्हणजे घर चालू पडणार नाही. चाकं काढून ठेवायची असली तर त्यांचे नट आधीच किंचित सैल करून ठेवायचे. मग जॅक लावायचा तो खालच्या लोखंडी चौकटीला, म्हणजे चासीला, आणि तोही चाकाजवळच, जिथं ती सगळ्यात दणकट असते. एक बाजू थोडी उचलायची, चासीखाली लोखंडी स्टँड सरकवायचा, भार त्यावर सोडायचा. मग दुसरी बाजू. घाई करायची नाही. आणि कॅरव्हॅन नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली हातसुद्धा घालायचा नाही. इस्माईलभाई तर जॅक लावण्यापूर्वी चासीखाली लाकडी ठोकळ्यांची चवड रचून ठेवत. जॅकने दगा दिलाच, तर घर खाली येऊन त्या चवडीवर बसावं म्हणून. मी कितीतरी दिवस ती चवड रचताना पाहिली, तिचा उपयोग झालेला कधी पाहिला नव्हता.

जॅक आणि स्टँडच्या खाली जाड प्लायचे तुकडे घालायचे, हे तर आमच्याकडे विसरून चालायचंच नाही. जूनमध्ये तिथलं डांबर इतकं मऊ होतं की स्टँडचे पाय सुरी लोण्यात जावी तसे आत जातात. सकाळी सरळ उभी केलेली कॅरव्हॅन दुपारी वाकून काहीतरी शोधत असल्यासारखी दिसते.

लोकांची सगळ्यात मोठी चूक चार कोपऱ्यांवरच्या पायांची. कॅरव्हॅनच्या चारही कोपऱ्यांना बारीक, खाली सोडायचे पाय असतात. आत माणूस चालला की घर डुलू नये एवढ्यासाठीच ते असतात. पण दिसतात पाय, म्हणून लोक त्यांच्यावरच सगळं घर उचलतात.

अल कुसैसला राहणाऱ्या एका पुणेकर गृहस्थांनी हेच केलं होतं. त्यांनी इंटरनेटवर वाचून स्वतःच्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत जुनी कॅरव्हॅन चार पायांवर चढवली आणि लेव्हल तपासायला आत गेले. भार कोपऱ्यांवर, मधला भाग खाली दबला, दाराची चौकट तिरकी झाली आणि दार गच्च बसलं. त्यांचा मला फोन आला. आवाज अगदी मीटिंगमध्ये बोलावं तसा. "मॅडम, तुमच्याकडे होम सर्व्हिस आहे का?"

"आहे ना. गाडी कुठं आहे तुमची?"

"घरामागे. आणि मी गाडीत आहे. थोडं अर्जंट आहे, कारण एसी चालू नाही."

इस्माईलभाई आणि मी धावत गेलो. चासीला जॅक लावून मधला भार जरा उचलला मात्र, दार आपलं आपण उघडलं. गृहस्थ घामाने निथळत बाहेर आले, हातातली स्पिरिट लेव्हल आमच्यापुढे धरली आणि म्हणाले, "लेव्हल मात्र परफेक्ट होती." पुढं ते आमचे कायमचे गिऱ्हाईक झाले.

मंदीची ती वर्षं आमच्या धंद्याला विचित्र गेली. कामं वाढली. परदेशी सहली परवडेनात, म्हणून लोकांनी मागच्या अंगणातल्या जुन्या कॅरव्हॅन झटकून बाहेर काढल्या. शिवाय नोकरी गेली म्हणून देश सोडून निघालेले लोक 'परत येऊच' म्हणत आपल्या कॅरव्हॅन आमच्याकडे ठेवून जायचे. काही आले परत. काहींचे पडदे आम्ही उन्हात विटताना पाहिले. एका कॅरव्हॅनच्या खिडकीत लहान मुलाने चिकटवलेले कागदी मासे होते. ते मी शेवटपर्यंत काढू दिले नाहीत.

अशाच एका मे महिन्यात मामा मोझा आल्या.

आखातात घरच्या वडीलधाऱ्या बाईला नोकरमाणसं 'मामा' म्हणतात. मला पहिले काही दिवस फार जड गेलं. मामा म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर आमचा नाशिकचा मामा यायचा, धोतरातला. या मामा सत्तरीच्या, ठेंगण्या, काळ्या अबायातल्या, आणि त्यांना झकास हिंदी यायची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर बऱ्याचदा मुंबईला गेलेल्या, तिथं महिनेच्या महिने राहिलेल्या. मी मुंबईजवळची म्हटल्यावर त्यांनी माझा हातच धरला. "हम बंबई में बहुत भेल खाया," त्या म्हणाल्या. ओळख पक्की झाली.

त्यांची कॅरव्हॅन आमच्या यार्डातल्या सगळ्यांपेक्षा म्हातारी. चकचकीत अॅल्युमिनियमची, गोलसर पाठीची, पावाच्या लादीसारखी. त्यांच्या नवऱ्याने ती एका परतीला निघालेल्या अमेरिकन इंजिनिअरकडून घेतली होती, त्यांना मुलंबाळंही झाली नव्हती त्या काळात. मामांच्या मुलांचे सगळे हिवाळे तिच्यात गेले. नवरा गेल्यावरही मामा दर थंडीत वाळवंटात जाऊन तिच्यात राहायच्या.

बरोबर त्यांचा धाकटा मुलगा होता, राशिद. अंगात पांढराशुभ्र कंदुरा, म्हणजे अरबी पायघोळ झगा, हातात दोन फोन. माणूस वाईट नव्हता, पिचलेला होता. त्याचा पैसा अर्धवट इमारतींमध्ये अडकलेला, आणि आता राहता व्हिला विकून लहान घरात जायचं होतं. नव्या घराला अंगण नव्हतं. तो मला बाजूला घेऊन इंग्रजीत म्हणाला, "आईने घरातलं काहीही मागितलं नाही. सोफे गेले, झुंबरं गेली, ती काही बोलली नाही. फक्त हे ठेव म्हणाली. पण हिचं आयुष्य संपलंय हो. तुम्ही तिला तसं सांगितलंत तर ती ऐकेल."

"आधी उचलून बघू या," मी म्हटलं.

मामांसाठी सावलीत खुर्ची टाकली. त्यांनी थर्मासमधून आम्हाला गहवा, म्हणजे अरबी कॉफी दिली, सोबत खजूर. मग इस्माईलभाईंनी नेहमीसारखं सगळं केलं. अडसर, प्लाय, ठोकळ्यांची चवड. डावी बाजू सुरेख वर गेली. स्टँड बसला. मग ते उजवीकडे गेले आणि जॅकचा दांडा मारू लागले.

पापड मोडल्यासारखा आवाज झाला. जॅक चासीतून आरपार वर घुसला, कारण बाहेरून रंग दिलेलं ते लोखंड आतून गंजून पोकळ झालेलं होतं. कॅरव्हॅन तिरकी झाली, खाली आली आणि धप्पकन लाकडी चवडीवर बसली. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. धूळ उडाली. इस्माईलभाई दांडा सोडून मागे सरले होते. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी मात्र शेजारच्या टायरवर जाऊन बसले.

राशिद म्हणाला, "खलास." आवाजात राग नव्हता, दमलेपणा होता.

मामा खुर्चीतून उठून जवळ आल्या. अॅल्युमिनियमवर हात ठेवला. "टूटा?" त्यांनी विचारलं.

इस्माईलभाई गुडघ्यांवर बसून खाली बॅटरीचा झोत मारत होते. बराच वेळ बघून ते उठले. "मामा, घर नहीं टूटा. घर के नीचे का लोहा सड़ गया है. लोहा मैं नया बना दूँगा."

"इन्शाल्ला?" मामांनी विचारलं. आखातात या शब्दाचा अर्थ 'नक्की' असाही होतो आणि 'विसरून जा' असाही. मामांना कुठला ते जाणून घ्यायचं होतं.

"इन्शाल्ला," इस्माईलभाई म्हणाले. "मेरा वाला."

राशिदने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उन्हाळ्यापुरती मुदत दिली.

ते दोघं गेल्यावर इस्माईलभाई माझ्याकडे वळले. "ताई, बोलून तर बसलो. पन लोचा हाय." लोचा असा होता. चासी नवीन घालायची तर जुनी तुकड्यातुकड्याने कापून काढावी लागणार. तेवढे आठवडे वरच्या घराला आधार कशाचा? आमचे स्टँड चार ठिकाणी धरायचे. इतकी जुनी, पातळ पत्र्याची काया चार ठिकाणी धरली तर मध्ये ओघळणार, अॅल्युमिनियमला सुरकुत्या पडणार, खिडक्या तडकणार. तिला सगळ्या लांबीभर, जागोजागी, एकाच उंचीवर धरायला हवं होतं. आणि प्रत्येक टेकू केसभर वरखाली करता यायला हवा होता.

मी तिथंच उभी होते आणि मला आमचा अर्धवट टॉवर आठवला. स्लॅब ओततात तेव्हा ओलं काँक्रीट कशावर उभं असतं? खाली आडव्या तुळया, आणि तुळयांखाली स्क्रूचे जॅक, रांगेने. फिरवला की वर, उलटा फिरवला की खाली. त्यांची ड्रॉइंगं मी वर्षानुवर्षं हाताळली होती. ड्रॉइंगवर ते छोट्या छोट्या टाचण्यांसारखे दिसायचे. आणि खरे जॅक साइटच्या स्टोअरमध्ये नुसते पडून होते.

मी साळुंखेंना फोन लावला. साळुंखे आमच्या साइटवरचे शटरिंग फोरमन, म्हणजे स्लॅबखाली फळ्या आणि टेकू उभे करणाऱ्यांचे मुकादम, साताऱ्याचे. साइट बंद झाल्यावर कंपनीने त्यांना स्टोअर राखायला मागे ठेवलं होतं.

"मॅडम, सकाळपासून तुमचा पहिला फोन," ते म्हणाले. "कालपासून म्हटलं तरी चालेल."

मी सगळं सांगितलं. साळुंखेंनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे उलटी स्लॅब. वरचं तयार आहे, खालचं ओतायचंय."

"जमेल?"

"साहेबांना विचारतो. पण जमेल. हाताला मुंग्या आल्यात हो नुसतं बसून."

साहेबांनी 'इथं गंजण्यापेक्षा न्या' म्हणून परवानगी दिली. साळुंखे पिकअप भरून आले. इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन्सिल. इस्माईलभाई आणि ते एकमेकांकडे जरा जपून बघत होते, जसे दोन आचारी एका स्वयंपाकघरात आल्यावर बघतात. मग साळुंखेंनी खिशातून पारदर्शक नळीची गुंडाळी काढली, तिच्यात पाणी भरलं, आणि दोन टोकांना पाण्याची पातळी एक असते म्हणजे तेवढीच लेव्हल, असं म्हणून कामाला लागले. इस्माईलभाईंचा चेहरा खुलला. "आमचे गवंडी पन श्रीवर्धनला हेच करायचे," ते म्हणाले. तिथून पुढे ते दोघं एका ताटात जेवले.

उचलायच्या सकाळी मामा पुन्हा आल्या, राशिदही आला. कॅरव्हॅनखाली तुळया सरकवल्या होत्या आणि दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या त्यांच्या टोकांखाली जॅकची रांग. कुणाला खाली जायची गरज नव्हती. प्रत्येक जॅक एकाच वेळी, सारखाच फिरायला हवा होता, आणि माणसं कमी पडत होती. शेजारचा टायरवाला आला, समोरचा रंगारी आला. तरी एक जॅक रिकामा.

मामा राशिदला अरबीत काहीतरी बोलल्या. दोनच शब्द. राशिदने दोन्ही फोन आईच्या मांडीवर ठेवले, कंदुरा गुडघ्यांपर्यंत खोचला आणि डांबरावर उकिडवा बसला.

हाकारे द्यायचं काम माझ्याकडे आलं. साळुंखे पाण्याच्या नळीकडे बघत बोट वर करायचे आणि मी ओरडायचे, "पाव फेरा." सगळ्यांचे हात एकदम फिरायचे. थांबायचं. साळुंखे बघायचे. एखादी बाजू मागे राहिली तर, "रंगारी भाई, थोडा और. बस." पुन्हा, "पाव फेरा." काही वेळाने टायरवाला माझ्याबरोबर ओरडायला लागला. मग सगळेच. मल्याळी टायरवाला, पेशावरचा रंगारी आणि राशिद, सगळे एका सुरात मराठीत 'पाव फेरा' म्हणत होते, आणि ते म्हातारं चकचकीत घर, एकही सुरकुती न पडता, चवडीवरून अलगद वर येत होतं.

चाकं जमिनीपासून सुटली तेव्हा मामांनी टाळ्या वाजवल्या. राशिद कपाळाचा घाम पुसत माझ्याकडे बघून हसला. त्या दिवसापर्यंत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. हात काळे झालेले, कंदुऱ्याची पार वाट लागलेली. "लहानपणी बाबा आम्हाला अडसर लावायला सांगायचे," तो म्हणाला. "सगळ्यात आधी कोण लावतो याची शर्यत असायची."

उन्हाळाभर इस्माईलभाईंनी पहाटे पहाटे, ऊन चढायच्या आत, नवीन चासी जोडली. साळुंखे सुट्टीच्या दिवशी येऊन लेव्हल बघून जायचे. पुढे त्यांची साइट कायमची बंद झाली तेव्हा ते आमच्याच यार्डात आले. आमच्या बोलण्यात 'शटरिंग' हा शब्द कॅरव्हॅनसाठी रुळला तो त्यांच्यामुळे. राशिदही अधूनमधून यायचा. कामाचं काही विचारायचा नाही. इस्माईलभाईंशेजारी बसून चहा प्यायचा आणि जायचा.

ते यार्ड आता नाही. तिथं गोदामं झाली, आणि आम्हीही पुण्याला परतलो. त्याची रुखरुख वाटते. मामांच्या कॅरव्हॅननंतर त्या यार्डात मी कितीतरी कॅरव्हॅन उचलल्या, काही तर एकटीने. पण डोळे मिटले की मला दिसते ती त्या हिवाळ्यातली शुक्रवारची दुपार.

मामांनी आम्हा सगळ्यांना वाळवंटात जेवायला बोलावलं होतं. विनय, ईशा आणि मी, साळुंखे, इस्माईलभाई. वाळूच्या दोन टेकड्यांमध्ये कॅरव्हॅन उभी होती. राशिदची मुलं वाळूवरून घसरत होती आणि ईशा दहा मिनिटांत त्यांच्यातलीच एक झाली. राशिदने साळुंखेंना बोलावून चाकांचे अडसर दाखवले, स्वतः लावलेले. साळुंखेंनी पायाने ठोकून बघितले आणि मान डोलावली. मोठ्या परातीत भात आणि मटण येत होतं.

मामा इस्माईलभाईंना म्हणाल्या, "भाई, अंदर देखो. तुम्हारा काम देखो."

इस्माईलभाई चपला काढून आत गेले. बराच वेळ झाला, बाहेर येईनात. परात लागली, सगळे गोल बसले. मी बघायला गेले. खिडकीजवळच्या बिछान्यावर ते कुशीवर झोपले होते, हात उशीखाली, पाय किंचित बाहेर. बसून बघितलं असेल, मग जरा आडवे झाले असतील. एवढी वर्षं शेकडो कॅरव्हॅनच्या पोटाखाली काढलेल्या त्या माणसाने एकदाही कुठल्या कॅरव्हॅनमध्ये पाठ टेकली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मी त्यांना हाक मारणार तेवढ्यात मागून मामांनी माझा खांदा धरला. त्यांनी आत डोकावून पाहिलं, पडदा ओढून घेतला आणि बाहेर येऊन नातवंडांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

"चुप," त्या म्हणाल्या. "भाई सो रहा है."

मग आम्ही सगळे, पोरांसकट, कुजबुजत जेवलो. मामांनी मटणाचा सगळ्यात चांगला तुकडा वेगळ्या ताटलीत काढून झाकून ठेवला. अॅल्युमिनियमच्या पलीकडून बारीक घोरणं ऐकू येत होतं, आणि राशिदची धाकटी मुलगी प्रत्येक घोरण्यागणिक तोंडावर दोन्ही हात दाबून हसत होती.